पूर, दुष्काळ, वीज, भूकंप : सोलापूर जिल्ह्यात लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

ग्रामपंचायतीतल्या बैठका, शाळेतली शिबिरं, बाजाराच्या दिवशी पारावरच्या गप्पा, सगळीकडे तेच ते प्रश्न फिरून येतात. ते इथे एकत्र मांडले आहेत. क्रमाला महत्त्व नाही. आपल्या कामाचा प्रश्न आधी वाचा, बाकीचे सवडीने.

सोलापूर दुष्काळी जिल्हा. मग पुराची तयारी आम्ही कशाला करायची?

आपल्याला दुष्काळाची सवय आहे, पाण्याची नाही, म्हणूनच करायची. पर्जन्यछायेतला हा जिल्हा. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बराचसा सप्टेंबरात पडणारा. त्यामुळे घर बांधताना, विहीर घेताना, ऊस लावताना आपण एकच बघतो, पाणी मिळेल का? आलेलं पाणी जाईल कुठून, हे कोणी विचारत नाही. कोरड्या ओढ्यात प्लॉट पडतात. पात्राला खेटून गोठे उभे राहतात, आणि दहा वर्षं काही झालं नाही की ती जागा ‘सेफ’ ठरते.

दुष्काळ महिनोन्महिने आधी चाहूल देतो. पूर रात्रीत येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने हेच दाखवलं. माढा, मोहोळ, करमाळा आणि सोलापूर तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद करावा लागला. एरवी ज्या नदीत पाणी सोडा म्हणून निवेदनं द्यावी लागतात, तीच ही नदी.

आमच्याकडे थेंब पडलेला नसतो, तरी भीमेला पूर कसा येतो?

भीमेचा पूर पुणे जिल्ह्यात तयार होतो. घाटमाथ्यावर पाऊस झाला की खडकवासला आणि आसपासची धरणं भरतात, मुळा-मुठेचं पाणी भीमेला मिळतं आणि ते दौंडवरून उजनीत येतं. म्हणून जुनी माणसं आकाशाकडे कमी आणि ‘दौंडचा विसर्ग किती?’ याच्याकडे जास्त बघतात. उजनीत जागा असेल तर ते पाणी धरणात मावतं. धरण भरत आलं असेल तर येईल तेवढं पुढे सोडण्यावाचून गत्यंतर नसतं.

पंढरपूरकरांना मात्र एकट्या उजनीकडे बघून चालत नाही. नीरा नदीवरच्या वीर धरणाचं पाणी नीरा नरसिंगपूरला भीमेत मिळतं आणि हा संगम उजनीच्या खाली आहे. म्हणजे उजनीचे दरवाजे बंद असले तरी वीरच्या पाण्याने चंद्रभागा फुगू शकते. दोन्हीकडून एकाच वेळी सोडलं तर दगडी पूल आणि पुंडलिकाचं मंदिर पाण्यात जातं, व्यासनारायण झोपडपट्टीतल्या लोकांना हलवावं लागतं. बातमीत उजनीचा आकडा वाचला की वीरचाही शोधून वाचा. दोन्हींची बेरीज महत्त्वाची.

उजनी शंभर टक्के भरायच्या आधीच पाणी का सोडतात? नंतर आपल्यालाच कमी पडतं.

राग रास्त आहे, पण हिशोब वेगळा आहे. धरण काठोकाठ भरून ठेवलं आणि वरून मोठा लोंढा आला, तर तो जसाच्या तसा खाली सोडावा लागतो. थोडी जागा रिकामी ठेवली तर लोंढ्याचा माथा धरणात जिरतो आणि खाली पाणी सावकाश जातं. पावसाळ्याच्या कोणत्या टप्प्यावर किती भरायचं, याचं ठरलेलं वेळापत्रक असतं. ते नेहमी अचूक पाळलं जातं असं माझं म्हणणं नाही. ऑगस्टमध्ये ‘धरण भरा’ आणि सप्टेंबरमध्ये ‘आधीच का नाही सोडलं’ असं आपणच म्हणतो, हेही खरं.

क्युसेक, टीएमसी, ‘वजा’ टक्के… हे नेमकं काय?

क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर आपला टँकर घ्या. एक लाख क्युसेकचा विसर्ग म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे सुमारे २८३ टँकर समोरून जाणं.

टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. हे साठ्याचं माप. साधारण ११,५७४ क्युसेक पाणी अखंड चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं.

‘वजा’चं कोडं उजनीचं खास. धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६३.६५ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या खालचं. टक्केवारी मोजतात ती फक्त वरच्या ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठ्याची. उन्हाळ्यात मृतसाठ्यातलं पाणी उचलायला लागलं की टक्केवारी शून्याच्या खाली जाते. वजा ५० टक्के वाचून धरण आटलं असं समजू नका. तेव्हाही सुमारे ३७ टीएमसी पाणी आत असतं. फक्त ते कालव्याने शेतात येत नाही, आणि गाळाजवळचं असल्याने शुद्ध करायला जड जातं.

सीनेचा पूर भीमेपेक्षा जास्त अचानक का येतो?

भीमेवर उजनीसारखं प्रचंड धरण मध्ये आहे, सीनेवर तसं काही नाही. सीना-कोळेगाव, आणि परंडा भागातले चांदणी, खासापुरी यांसारखे प्रकल्प त्यामानाने लहान. ते भरले की वरचा पाऊस थेट खाली उतरतो. पाऊसही एका ठिकाणचा नसतो. अहिल्यानगर, बीड, धाराशिव आणि बार्शीकडून येणारी भोगावती, सगळ्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने मिळत जातं.

दुसरं कारण आपलंच. वर्षानुवर्षं कोरड्या पात्रात बाभळी माजल्या, काठ नांगरात गेले, बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, वेळेत निघाले नाहीत. बरगे तसेच राहिले की पाणी बंधाऱ्याला वळसा घालून बाजूचा भराव फोडतं आणि काठचं रान खरडून नेतं. एवढ्या एका गोष्टीवर गावाने लक्ष ठेवलं तरी पुष्कळ जमीन वाचेल. आपल्या बंधाऱ्याचे बरगे काढायची जबाबदारी कोणाची आहे, हे मे महिन्यातच विचारून ठेवा. पुराच्या दिवशी विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

ऑक्टोबरात पावसाळा संपलेला असतो. तेव्हा कसला पूर?

आपल्याकडे परतीचा पाऊस हाच खरा पाऊस. त्यात बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचा पट्टा आत सरकला तर दैना उडते. १३ ऑक्टोबर २०२० ला असाच एक पट्टा आंध्रात काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढला, तेलंगण ओलांडून दुसऱ्या दिवशी आपल्या अंगावर आला. १४ तारखेला पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले. काढणीला आलेलं सोयाबीन, उभा ऊस, नुकती पेरलेली ज्वारी सगळं पाण्यात. तेव्हा दसरा होईपर्यंत तरी नदीकाठी गाफील राहू नये.

यलो, ऑरेंज, रेड अलर्ट म्हणजे आम्ही नेमकं काय करायचं?

यलो : लक्ष ठेवा. ऑरेंज : तयार राहा, म्हणजे मोटारी वर, जनावरं उंचावर, प्रवास पुढे ढकला. रेड : कृती करा. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. महसूल खात्याची ‘अतिवृष्टी’ मात्र महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, ६५ मिलिमीटर झाला की धरली जाते, आणि तुमची नुकसानभरपाई त्या मंडळाच्या पर्जन्यमापकाशी बांधलेली असते. आपलं गाव कोणत्या महसूल मंडळात येतं हे म्हणून माहीत पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘धरण फुटलं’ असा व्हिडिओ आला. खरं कसं ओळखायचं?

व्हिडिओत तारीख नाही, गावाचं नाव नाही, आणि शेवटी ‘जास्तीत जास्त शेअर करा’ आहे? मग पुढे पाठवू नका. आपल्याकडे दरवर्षी कुठल्या तरी भलत्याच राज्यातला पूर उजनीच्या नावाने फिरतो. विसर्गाचा अधिकृत आकडा जलसंपदा विभागाकडून निघतो आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षातून तहसील, तलाठी, पोलीस पाटील असा गावापर्यंत येतो. मोबाइलवर भोंग्यासारखा आवाज करून येणारा सरकारी संदेश आणि ‘सचेत’ अ‍ॅप या दोन गोष्टींवर भरवसा ठेवा.

गावात मात्र दवंडी आणि देवळावरचा भोंगाच कामाला येतो. लाइट गेली की टॉवर बंद, टॉवर बंद की अ‍ॅप बंद. भोंग्याला बॅटरी आहे का, ती चार्ज कोण करतो?

घरात पाणी शिरणार असं कळलं. हातात दोन तास आहेत. आधी काय?

आधी माणसं आणि जनावरं, मग कागद, मग धान्य. फ्रिज-टीव्ही सगळ्यात शेवटी. प्रत्यक्षात लोक उलटं करतात, टीव्ही माळ्यावर चढवत बसतात आणि गोठ्याकडे जाईपर्यंत गुडघाभर पाणी होतं.

जनावरं हलवायला जमत नसेल तर किमान दावी सोडा. म्हैस पोहते, गायही पोहते. खुंट्याला बांधलेलं जनावर मात्र जागेवर जातं. शेळ्या-करडं आधी न्या, ती लगेच गारठतात. कोंबड्यांचं खुराडं उघडं ठेवा. कडबा हलवणं अवघड, पण बुचाडाचा वरचा भाग तरी दोन-चार दिवसांपुरता उंचावर टाका. पूर ओसरल्यावर पहिली ओरड चाऱ्याचीच होते.

कागदांत आधार, बँकेचं पासबुक, सातबारा, रेशनकार्ड, मुलांचे दाखले. हे सगळं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जूनमध्येच एका जागी ठेवलेलं असलं की त्या दिवशी फक्त पिशवी उचलायची. सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये काढून बाहेरगावच्या नातेवाइकाकडेही पाठवून ठेवा.

घराचा मेन स्विच पाडा. शेतातला पंप चालू असेल तर पाण्यात उतरून तो काढायला जाऊ नका; आधी डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवरून) लाइट बंद करून घ्या, तेही लाइनमनकडून. विसर्गाची सूचना आली की नदीकाठच्या मोटारी वेळीच काढा म्हणतात ते यासाठीच. मोटार वाचवायला उतरून जिवावर बेतल्याचे प्रकार घडतात. गॅसची टाकी बंद करून बांधून ठेवा, नाहीतर ती तरंगत निघून जाते.

म्हातारी माणसं ‘मी नाही येत, आजवर कधी पाणी आलं नाही’ म्हणून अडून बसतात. त्यांच्याशी वाद घालत वेळ घालवू नका. नातवाला सांगा त्यांचा हात धरायला. ते त्याचं ऐकतात.

पुलावरून फूटभरच पाणी वाहतंय. गाडी घातली तर?

घालू नका. फूटभर वाहतं पाणी मोटारसायकल ओढून नेतं, दोन फुटांत जीप तरंगते. खालचा रस्ता जागेवर आहे की वाहून गेला, हे गढूळ पाण्यात दिसतही नाही.

पाणी ओसरलं. आता घरात जायला काय हरकत आहे?

दिवसा जा, आणि आधी भिंती बघा. मातीच्या, दगड-मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि ऊन पडल्यावर ढासळतात. भिंतीला पोट आलं असेल, माती गळत असेल तर आत झोपू नका. कोपऱ्यात, अंथरुणात, कडब्यात नाग, घोणस, मण्यार आसरा घेतात. काठीने आपटत आत शिरा. साप चावला तर मांत्रिक नको, घट्ट आवळून बांधणं नको, चिरा देणं नको. हात-पाय न हलवता सरळ सरकारी दवाखान्यात.

विहीर आणि हातपंपाचं पाणी ग्रामपंचायतीने टीसीएल (जंतू मारणारी पावडर) टाकून घेतल्याशिवाय पिऊ नका, आणि तोवर उकळून प्या. भिजलेलं धान्य वाळवून खाता येईल असं वाटतं, पण बुरशी आलेलं शेंगदाणे-ज्वारी जनावरालाही घालू नये. मेलेली जनावरं पुरण्याआधी पंचनामा करून घ्या, त्याबद्दल खाली आहेच.

सोलापूर शहरात नदी नाही. मग शहराला कसली भीती?

शहराला ओढे आणि तलाव आहेत, एवढं पुरे. हिप्परग्याचा, म्हणजे एकरूखचा तलाव ब्रिटिशांनी १८७१ च्या सुमारास पूर्ण केला. तो आदिला नदीवर आहे. तो भरला की सांडव्याचं पाणी आपल्या जुन्या वाटेने निघतं, आणि त्या वाटेवर आज वस्त्या आहेत. शेळगीकडच्या लोकांना हे सांगायला नको. नाला रुंद करा, गाळ काढा, या मागण्या बरोबरच. पण घर घेताना सातबारा बघतो तसा नाल्याचा उतारही बघितला पाहिजे. पावसाळ्यात एकदा जोराची सर आल्यावर त्या प्लॉटवर जाऊन उभं राहायचं. बिल्डर जे सांगत नाही ते पाणी सांगतं.

निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय?

जलसंपदा विभाग नदीकाठी आखतो त्या पूररेषा. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधकामाला बंदी, निळी ते लाल यांमध्ये अटी. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ आत्ता आला म्हणजे पुढची शंभर वर्षं सुटलो असा नाही. दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच. पुढच्या वर्षीही येऊ शकतो.

वळवाच्या पावसात शेतात असताना वीज कडाडायला लागली. झाडाखाली थांबावं का?

नाही. वीज पडून जाणाऱ्यांत शेतात राबणारे, मेंढरं राखणारे फार असतात, कारण उघड्या माळावर दिसणारं एकच लिंबाचं किंवा बाभळीचं झाड हा सगळ्यांचा आसरा. वीज झाडावर पडते आणि मुळांतून जमिनीत पसरते; झाडाखाली एकत्र उभी असलेली मेंढरं एकाच वेळी जातात ती त्यामुळे. चारी बाजूंनी उघडं पत्र्याचं शेडही आसरा नव्हे. पक्कं घर किंवा काचा लावलेली बंद गाडी चालते. ट्रॅक्टर चालत नाही.

काहीच जवळ नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसा, कानावर हात, टाचा एकमेकींना टेकलेल्या. आडवं पडू नका. चार जण असाल तर लांब लांब बसा. लखलखाट आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा आणि तिनाने भागा, तेवढ्या किलोमीटरवर वीज आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की आसरा गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजांचा इशारा देतं. मेंढपाळांच्या मोबाइलमध्ये ते तरुण पोरांनी घालून द्यावं.

वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही शॉक बसतो, हा समज साफ चुकीचा. अंगात वीज राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब द्या, १०८ ला फोन करा. शेणात पुरून ठेवायची जुनी रीत आहे, त्यात हातची वेळ जाते.

सोलापूरला ४३ डिग्री नेहमीचंच. त्यात आपत्ती कसली?

कागदावर तसंच आहे. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर व्हायला तापमान किमान ४० आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त लागतं, नाहीतर थेट ४५. आपली मे महिन्याची सरासरीच चाळिशीजवळ, त्यामुळे ४३ ला लाट जाहीर होत नाही. पण शरीराला सरासरी कळत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग चालवणारा कामगार, पत्र्याच्याच घरात सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई, यांच्याभोवतीचा उकाडा वेधशाळेच्या आकड्यापेक्षा जास्त असतो. त्यातून शहरात नळाला काही दिवसांआड पाणी. जपून प्यायची सवय लागलेली माणसं उन्हाळ्यातही जपूनच पितात, हे घातक.

पत्र्यावर चुना मारा, ओली पोती टाका. ताक, ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं चालू ठेवा. काम पहाटे आणि संध्याकाळी वाटून घेण्याबद्दल कारखानदाराशी एकत्रितपणे बोला. एकट्याचं कोण ऐकतं? माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. सावलीत घ्या, मान, काखा, जांघेत ओली फडकी, वारा, आणि १०८. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

किल्लारीसारखा भूकंप सोलापुरात होईल का?

कधी आणि कुठे, हे जगात कोणीही सांगू शकत नाही. ‘आज रात्री बारा वाजता’ असा निरोप आला तर तो खोटा, एवढं नक्की. किल्लारी आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास तिथे ६.२ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा सोलापूरही हादरलं होतं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. त्या भागाला तोवर भूकंपाचा फारसा धोका नाही असंच मानलं जाई. २००२ च्या नकाशात सोलापूर तिसऱ्या क्षेत्रात धरलं आहे, म्हणजे मध्यम धोका.

किल्लारी-सास्तूर भागात इतकी माणसं गेली ती धक्क्याइतकीच माळवदांमुळे. दोन-दोन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, आतल्या आणि बाहेरच्या दगडांना बांधणारा आरपार दगड नाही, आणि वर लाकडावर मातीचं ओझं. दरवर्षी पावसाआधी गळू नये म्हणून माळवदावर नवी पांढरी माती टाकायची, आणि जुनी कोणी काढायचं नाही. दोन पिढ्यांत छत कुठल्या कुठे जड होतं. अशी माळवदं मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोट भागात आजही आहेत आणि भिजपावसातही ती बसतात. पाडायला पैसे नसतील तर निदान वरची जुनी माती उतरवा, जाड कागद अंथरा, झोपायची खोली तरी पत्र्याची करा. नवं बांधताना पायाशी, खिडकीवर आणि छताखाली काँक्रीटचा पट्टा फिरवून घ्या. गवंडी ‘कशाला खर्च’ म्हणेल. त्याचं ऐकू नका.

हादरे बसताना पक्क्या घरात मजबूत टेबलाखाली बसा, डोकं झाका. माळवदाच्या घरात दाराजवळ असाल तर मोकळ्यावर या.

दुष्काळ पडलाय हे सरकार कसं ठरवतं? आम्हाला तर दिसतोच.

पूर्वी पिकाची आणेवारी काढत, आता पैसेवारी म्हणतात, म्हणजे नेहमीचं पीक रुपया धरला तर यंदा किती पैसे आलं. ५० पैशांच्या आत आली की दुष्काळी स्थिती. २०१६ च्या संहितेपासून पावसाचा खंड, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारं पीक, भूजल असे निकष लावतात. त्यात आपला रब्बीचा जिल्हा कधी कधी अडचणीत येतो. आपलं मुख्य पीक ज्वारी. ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर येते, हस्त कोरडा गेला की खेळ संपला.

जुन्या लोकांनी यावर व्यवस्था बांधली होती. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी कमी ओलीत तग धरते, भाकरी तर देतेच आणि कडबाही देते. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दाणे जमिनीखालच्या पेवांत भरून तोंड बंद करत, म्हणजे एका चांगल्या वर्षाचं धान्य वाईट वर्षाला पुरे. याच मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची कोठारं भुकेल्यांना खुली केली, अशी परंपरा सांगते.

१९७२ ला धान्य नव्हतं. लोक मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडीवर जगले, खडी फोडली, पाझर तलाव खोदले. त्यातूनच राज्याच्या रोजगार हमीचा कायदा पुढे आला. २०१२-१३ पासूनच्या दुष्काळांत धान्य रेशनवर मिळालं, पाणी मिळालं नाही. २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी नेलं ते मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीवरूनच. आपल्या स्टेशनांतून ती गाडी जात होती आणि आपल्याही वाड्या-वस्त्यांवर टँकरची वाट बघणं चालू होतं. तरीही राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपण आहोत. ऊस लावू नका असं कोणाला सांगायचा मला अधिकार नाही, पण ठिबकशिवाय लावलेला ऊस आणि दुष्काळाची तक्रार एकाच तोंडाने करू नये.

गावाने म्हणून काय तयारी करायची?

मे महिन्यात एक ग्रामसभा फक्त यासाठी घ्या. गावचा नकाशा काढा, त्यावर पाणी शेवटचं कुठवर आलं होतं ते लिहा. शाळेच्या भिंतीवर रंगाने खूण केली तर आणखी बरं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, बाळंतिणी, अपंग, डायलिसिसवाले यांची यादी करा आणि प्रत्येक नावापुढे हाकेच्या अंतरावरच्या एका तरुणाचं नाव लिहा. पोहणारे कोण, ट्रॅक्टर कोणाचे, जेसीबी कोणाचा, उंचावरची शाळा किंवा मंगल कार्यालय कोणतं, त्याची किल्ली कोणाकडे? ही किल्ली रात्री दोनला सापडत नाही, असा सगळीकडचा अनुभव.

यादीतून हमखास सुटतात ते बाहेरचे. नदीकाठी कोप्या घालून राहिलेले ऊसतोड मजूर, वीटभट्टीवरची कुटुंबं, मेंढपाळांची पालं. ते कोणत्याच वॉर्डात नसतात, दवंडी त्यांच्यापर्यंत जात नाही, आणि पात्रातली सपाट मोकळी जागा त्यांनाच मिळालेली असते. एक माणूस खास त्यांच्यासाठी नेमा.

पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पुरात दोराशिवाय उतरू देऊ नका. लाइफ जॅकेट नसेल तर हवा भरलेल्या ट्यूबा, झाकणबंद रिकामे कॅन एकत्र बांधून ठेवा. एनडीआरएफची, म्हणजे केंद्राच्या आपत्ती बचाव दलाची, तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून येते. ती पोचेपर्यंतचे तास गावाचे गावालाच काढायचे असतात.

वारीत पूर आला तर?

आषाढीला लाखो लोक आणि पावसाळा एकत्र. ‘६५ एकर’ नावाच्या मैदानात आणि वाळवंटात तंबू-राहुट्या असतात, त्यामुळे विसर्गाचं वेळापत्रक वारीभोवती आखावं लागतं. वारकऱ्यांनी स्नानाला घाट सोडून पात्रात आत जाऊ नये. वाळू उपशाने तळाला खोल खड्डे आहेत, वरून पाणी गुडघाभर दिसतं आणि पुढच्या पावलाला माणूस बुडतो.

पंचनाम्यात काय काय लागतं?

तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असलं पाहिजे आणि ते पीक तुमच्या सातबारावर, म्हणजे ई-पीक पाहणीत नोंदलेलं असलं पाहिजे. नोंदच केली नसेल तर रान बुडालेलं सगळ्यांना दिसूनही कागद रिकामा राहतो. पाणी उभं असतानाच तारीख दिसेल असे फोटो काढा, मागे ओळखू येणारं झाड किंवा विहीर घ्या.

केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत माणूस गेल्यास वारसाला ४ लाख रुपये, दुभती म्हैस किंवा गाय गेल्यास ३७,५०० आणि शेळी-मेंढीला ४,००० धरले होते. खरडून गेलेल्या जमिनीला लहान शेतकऱ्यांसाठी हेक्टरी ४७,००० पर्यंत. राज्य सरकार कधी यात भर घालतं. वीज पडून झालेलं नुकसानही राज्याच्या यादीत आहे. जनावर मेलं तर पशुवैद्यकाचा दाखला घेतल्याशिवाय पुरू नका, नंतर काही सिद्ध होत नाही. पंचनाम्याच्या प्रतीचा फोटो मागून घ्या, आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते आजच बघा. मंजूर झालेले पैसे त्या एका कारणाने अडकून पडतात.

कोणाला फोन करायचा?

११२ कुठल्याही संकटाला, १०८ रुग्णवाहिकेला, १०१ अग्निशमनला. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षासाठी १०७७, राज्याच्या कक्षासाठी १०७०. जनावरांच्या दवाखान्याच्या गाडीसाठी १९६२. फोनवर आधी गाव आणि तालुका सांगा, मग जवळची खूण, किती माणसं अडकलीत, त्यात लहान मुलं-आजारी आहेत का, आणि पाणी वाढतंय की उतरतंय. सगळ्यांनी एकदम फोन करून लाइन अडवू नका, वस्तीतून एकानेच करावा आणि आपला नंबर चालू ठेवावा. पलीकडचा माणूस मुंबईत बसलेला असू शकतो. ‘मारुतीच्या देवळामागं’ एवढ्यावर त्याला काही कळणार नाही.